बायकांच्या धंद्यामागे आपली पत उभी करायची म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा तालुक्याच्या गावात मसाल्याचा धंदा आहे. कांडप यंत्र स्वतःचं, कामाला सहा बायका, माल जिल्हाभर जातो. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या-बिनओळखीच्या बायका दारात येऊन विचारू लागल्यात, ‘मलाही काहीतरी सुरू करायचंय, मार्गदर्शन करा.’ म्हणून त्यांच्या मनात आलंय की आता इतर बायकांसाठी संस्था काढावी, माणदेशी महिला बँकेच्या चेतना गाला सिन्हांनी सातारा जिल्ह्यात म्हसवडला काढली तशी. सुरुवात कुठून करायची, यात स्वतःचा धंदा बुडतो का, आणि शिकवलेल्या बायकाच उद्या आपल्यासमोर दुकान मांडून बसल्या तर काय, असं त्यांनी विचारलंय.

ताई, बचत गट, पतसंस्था आणि उद्योजकता प्रशिक्षण याच कामात माझे केस पांढरे झालेत, तेव्हा उत्तर लांबणार. आधी एक गोष्ट तोंडावर सांगून टाकते. बायकांना मार्गदर्शन कमी पडत नाही. आठ मार्च आला की मंडप पडतो, फेटे बांधले जातात, ‘उद्योगिनी’ पुरस्कार वाटले जातात (त्यातल्या काहींना प्रवेश फी भरावी लागते, हे तुम्हाला माहीत असेलच). व्यासपीठावरून जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास सगळं सांगून होतं. खाली बसलेल्या बाईकडे जिद्द भाषण देणारीपेक्षा जास्तच असते. तिच्याकडे नसते ती पत. बँकेत तिला कोणी ओळखत नाही, घाऊक व्यापारी उधार देत नाही, दुकानदार तिचा माल मांडणीवर ठेवत नाही, घर-जमीन तिच्या नावावर नाही. तुम्ही दहा-बारा वर्षांत बाजारात जी पत कमावली, ती तिच्या मागे कशी उभी करता येईल, एवढाच प्रश्न आहे. बाकी सगळं त्यातून निघतं. चेतनाताईंची कारकीर्दही मी तशीच वाचते.

त्यांचं नाव घेतलंत म्हणून तिथूनच सुरू करू. लोकांना २०१८चं दावोस आठवतं. जागतिक आर्थिक मंचाच्या त्या वर्षीच्या बैठकीच्या सातही सहअध्यक्ष महिला होत्या, नाणेनिधीच्या प्रमुख आणि नॉर्वेच्या पंतप्रधान त्यांच्यात, आणि एक आपल्या माण तालुक्यातली. त्या फोटोमुळे गैरसमज असा होतो की बाईंनी सुरुवातीलाच मोठा आराखडा केला असणार. तसं काही नव्हतं. मुंबईत वाढलेली, अर्थशास्त्राची जाण असलेली ही मुलगी जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून कार्यकर्ती झाली, शेतकरी-कार्यकर्ते विजय सिन्हांशी लग्न करून म्हसवडला आली. माण म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. माणगंगेला पाणी कमी आणि वाळू जास्त, शेळ्या-मेंढ्यांवर संसार, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बायका. तिथं त्या बँक काढायला गेल्या नव्हत्या.

बँक निघाली ती कांताबाईंमुळे. कांताबाई रस्त्याच्या कडेला राहून शेतीची अवजारं बनवणाऱ्या, लोहारकाम करणाऱ्या. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. बँकेनं खातं उघडायलाच नकार दिला, रक्कम फारच किरकोळ म्हणून. लक्षात घ्या, त्या कर्ज मागत नव्हत्या. स्वतःचे पैसे ठेवायला जागा मागत होत्या. चेतनाताईंनी आधी इतर बँकांकडे खटपट केली आणि मग ठरवलं की आपणच बँक काढू.

पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला, कारण प्रवर्तक म्हणून सह्या करणाऱ्यांत अंगठेवाल्या बायका होत्या. इथं बहुतेक जणी काय करतील? शिकलेल्या चार जणींची नावं घालतील, अंगठेवाल्यांना ‘लाभार्थी’ करून टाकतील आणि कागद पुढे सरकवतील. चेतनाताईंनी तसं केलं नाही. बायकांनी साक्षरता वर्ग लावले, काही महिने गिरवलं आणि त्याच बायका पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. साहेबांपुढे त्यांचं म्हणणं असं: आमच्या गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष? तुम्ही कोणतीही रक्कम सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी चालवलेली. याच्या वीसेक वर्षं आधी, १९७४ साली, अहमदाबादेत इलाबेन भट्टांच्या सेवा बँकेच्या बायकांनाही सही येत नाही म्हणून अडवलं होतं आणि त्यांनी रात्र जागून सही गिरवली होती. तोच धोंडा, तोच तोडगा, म्हणजे अडचण बायकांत नव्हती, खिडकीत होती.

आता नीट बघा, पुढचं प्रत्येक पाऊल कुठून आलं. बँक झाली, पण भाजी विकणारी बाई दुपारचा धंदा सोडून वीस-तीस रुपये भरायला बँकेत येणार कशी? तिचा रोजगार बुडतो. मग बँकेचे प्रतिनिधी तिच्या दारात, तिच्या पाटीपाशी जाऊ लागले. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा बायकांनी पिन नको म्हणून सांगितलं. पिन कोणीही चोरेल आणि कष्टाचे पैसे काढून नेईल, अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच अंगठा तिजोरीची किल्ली झाला. हे कुठल्याही सल्लागार कंपनीला सुचलं नसतं, कारण नवऱ्यापासून, दिरापासून, मुलापासून पैसे वाचवणं हा आपल्याकडे बँकिंगचा केवढा मोठा भाग आहे हे सल्लागारांच्या तक्त्यात नसतं.

पुढे कर्ज मिळायला लागलं तर धंद्याचं शिक्षण हवं झालं. २००६ साली ग्रामीण बायकांसाठी व्यवसायशाळा निघाली. बायकांना शाळेपर्यंत येता येईना, म्हणून बसमध्येच वर्ग भरवून बस गावोगाव फिरवली. २००८ साली माणदेशी तरंग हा रेडिओ आला. मग २०१२-१३चा दुष्काळ. केराबाई नावाच्या बाई दागिना गहाण ठेवायला आल्या, चाऱ्यासाठी. पाणीच नाही तर तुमची बँक आणि तुमची शाळा घेऊन काय करू, हा त्यांचा रोकडा सवाल होता. बँकवाल्या संस्थेनं म्हसवडला जनावरांची छावणी उघडली. हजारो शेतकरी जनावरं घेऊन आले आणि छावणी दीड वर्ष चालली. एखाद्या देणगीदाराला अहवाल लिहायचा तर हे सगळं विस्कळीत दिसेल: बँक, शाळा, बस, रेडिओ, चारा. पण समोरच्या बाईच्या बाजूनं बघितलं तर एकच सरळ रेघ आहे. तिचं जिथं अडलं, तिथं संस्था गेली.

म्हणून ‘त्यांच्यासारखी संस्था काढायची’ असं म्हणाल तर मी म्हणेन, त्यांच्यासारखं ऐकायला शिका. संस्था त्यांच्यासारखी काढू नका. एक तर ती निघणारच नाही. २००४ पासून रिझर्व्ह बँकेनं नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणं थांबवलं. तेव्हा ‘महिला बँक’ हा विचार डोक्यातून काढा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चांगल्या हेतूनं बाया ज्यात हमखास अडकतात ते आधीच सांगून ठेवते. ‘तुमच्याकडे ठेवा ताई, घरी राहत नाहीत’ असं म्हणून बायका तुमच्याकडे पैसे ठेवायला आणतील. घेऊ नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९चा कायदा फार कडक आहे. तुमचा हेतू काय होता ते तिथं कोणी विचारत नाही. तसंच व्याजानं पैसे देऊ नका. महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, मग टक्का कितीही कमी असो. ओळखीच्या पंधरा जणींची भिशी ही जुनी गोष्ट आहे, पण तिची साठ जणींची झाली आणि एकीनं उचल घेऊन गाव सोडलं, तर पोलीस ठाण्यात तुमचं नाव आधी लिहिलं जातं. पैशाचं काम पैशाच्या परवानाधारक संस्थांवर सोडा: बचत गट बँकेला जोडलेला असू दे, गावात चांगली पतसंस्था असेल तर तिथं खाती उघडून द्या, ‘उमेद’ (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांची माणसं तालुक्यात असतात, त्यांच्याशी ओळख ठेवा.

तुमच्या परिस्थितीला म्हसवडपेक्षा जवळचं उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभारांचं आहे. त्या बाहेरून आलेल्या कार्यकर्त्या नव्हेत. मजुरी करणाऱ्या घरातल्या, बांगड्या विकून धंद्याला लागलेल्या. बचत गट, मग कोंबड्या, शेळ्या, सौरदिवे विकणं, असं एकावर एक रचत गेल्या. किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात बायकांसोबत काम करत आलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचा हात त्यांना मिळाला. पुढे त्यांनी आपल्यासारख्या हजारो बायकांना धंद्याला लावलं आणि २०२१चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. मला त्यांच्यात जे मोलाचं वाटतं ते असं की त्यांनी धंदा सोडून समाजकार्य धरलं नाही. स्वतःच्या कोंबड्या स्वतःकडे आहेत म्हणून पिल्लांचा भाव, मर, लस, खाद्य हे सगळं त्यांना कालचं माहीत असतं. शिकणारी बाई त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवते ती फोटो बघून नव्हे, खुराडं बघून.

मुंबईत याची जुनी वाट प्रेमाताई पुरवांनी पाडून ठेवली आहे. गोवा मुक्तिलढ्यात गोळी खाल्लेल्या या बाई गिरणगावात आल्या आणि गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खाणावळवाल्यांना त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. खाणावळवाल्या उद्योजक होत्याच. रोज पन्नास ताटं वाढणारी बाई आणखी काय असते? फक्त वाण्याच्या आणि सावकाराच्या वहीत त्या अडकल्या होत्या. प्रेमाताईंनी त्यांना गटानं बँकेसमोर नेऊन उभं केलं, एकीची हमी दुसरीनं द्यायची या बोलीवर. धंदा त्यांनी शिकवला नाही. ओळख दिली.

आता तुमच्या दारात येणाऱ्या बायकांकडे येऊ. पहिल्या भेटीत संस्था, योजना, सबसिडी यातलं काही बोलू नका. तिला सांगा, पुढच्या वेळी वही घेऊन ये. वही नसेल तर दोघी मिळून तिथंच मांडा. शेंगदाण्याची लसूण चटणी करणारी एक बाई माझ्याकडे अशीच आली होती. चटणी उत्तम, गावात नाव, आणि तक्रार एकच: ‘विक्री वाढली तसे पैसे कमी पडायला लागले.’ आम्ही एका किलोचा हिशोब मांडला. दाणे १४० रुपये. लसूण, तिखट, जिरं, मीठ मिळून ४५. पाव किलोचे चार पाऊच आणि त्यांची लेबलं, १६. झाले २०१. गॅस आणि मिक्सरची वीज तिनं कधी धरलीच नव्हती; ते तेरा रुपये धरले. झाले २१४. पाऊचची किंमत साठ, म्हणजे किलोला २४०. घरून विकली तर सव्वीस रुपये सुटतात. पण विक्री वाढली होती ती तालुक्याच्या दुकानातून, आणि दुकानदार पंधरा टक्के कापून घेत होता. छत्तीस रुपये. म्हणजे दुकानात गेलेल्या प्रत्येक किलोमागे बाई पदरचे दहा रुपये घालत होती. तिची दोन तासांची मजुरी, लसूण सोलणाऱ्या सासूबाई, चवीला म्हणून वाटलेली चटणी, हे सगळं अजून बाहेरच. बाई वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे दुकानदारानं चांगला खप केला म्हणून मी बुडाले?’

या बाईला मेळाव्याला बोलावून काय सांगणार? कर्ज काढून मोठं मिक्सर घे म्हणून सांगितलं असतं तर ती दुप्पट वेगानं बुडाली असती. आणि हे अगदी नेहमीचं आहे. तिला तीन गोष्टी लागत होत्या. किंमत वाढवणं, जे ती एकटी करायला घाबरत होती. दाणे एकगठ्ठा भावात मिळणं. आणि दुकानदाराशी बारा टक्क्यांवर बोलणं. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी तुमच्यासारखी बाई लागते. तुमच्या एका फोनवर आडत दुकानदार तिला पोत्याचा भाव देईल. तुमचा माल ठेवणाऱ्या दुकानदाराला तुम्ही ‘हिचाही ठेवून बघा’ म्हणालात तर तो नाही म्हणणार नाही. पत मागे उभी करणं म्हणतात ते हेच, आणि त्याला नोंदणी क्रमांक लागत नाही.

तुमच्या धंद्यात तर याला भरपूर वाव आहे. मिरचीची आवक फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असते. ब्याडगी असो की गुंटूर, तुम्ही घेता त्या भावात चौघींची मिरची एकत्र घेतलीत तर त्यांना किलोमागे जे सुटतं ते कुठल्याही सबसिडीपेक्षा खरं असतं, कारण ते लगेच मिळतं. कांडप यंत्राचं घ्या. हंगामात दिवसरात्र चालतं आणि पावसाळ्यात झाकून ठेवलेलं असतं. ज्या महिन्यांत ते बंद, त्या महिन्यांत दुसऱ्या बाईला भाड्यानं वापरू द्या. फुकट नको, भाड्यानंच, थोडं का असेना. फुकट दिलेलं यंत्र कोणी साफ करत नाही आणि पुढच्या वेळी तुमच्या काळ्या मसाल्याला हळदीचा वास येतो.

त्यानंतर कागद. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते आणि तिला एक पैसा लागत नाही. गावोगाव एजंट हजार-दोन हजार घेतात तेवढे तरी तुम्ही वाचवून द्याल. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी, लेबलवर बनवल्याची तारीख, घटक, वजन. चालू खातं तिच्या स्वतःच्या नावानं, आणि धंद्याचे पैसे त्याच खात्यात, नवऱ्याच्या फोनवरच्या क्यूआरवर नव्हे. हे शेवटचं वाक्य साधं वाटतं, पण मी पाहिलेल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथं आहे. माल बाई विकते, पैसे नवऱ्याच्या खात्यात जमा होतात, आणि वर्षानंतर बँक म्हणते, तुमची उलाढालच दिसत नाही. कर्जाच्या वेळी हेच अंगाशी येतं. सरकारी मुद्रा योजनेतल्या कर्जाला तारण लागत नाही हे खरं, पण खात्यात व्यवहार दिसल्याशिवाय शाखाधिकारी हलत नाही, आणि त्याचंही चुकतं असं मला वाटत नाही.

बँकेत तिच्यासोबत जा. आत जाऊन तिच्या वतीनं बोलू नका. शेजारच्या खुर्चीवर बसा. साहेब तुमच्याकडे बघून प्रश्न विचारतील, कारण ते तुम्हाला ओळखतात. तुम्ही तिच्याकडे बघा. दोन-तीन वेळा असं झालं की साहेबही तिच्याकडे बघायला शिकतात. जामीनदार म्हणून मात्र सही करू नका. मोह होईल, ती रडेलही. तुमची सही तिला एकदा कर्ज देईल आणि तुमचं सिबिल (कर्जफेडीची पत बँका ज्यावर बघतात ते) तिच्या हप्त्याला बांधून टाकेल. त्याऐवजी तिला लेखी ऑर्डर द्या: दर महिन्याला इतका किलो गोडा मसाला या भावानं घेईन. ऑर्डरचा कागद, सहा महिन्यांचं खातं आणि उद्यमचं प्रमाणपत्र घेऊन गेलेली बाई जामीनदाराशिवाय पुष्कळ वेळा काम करून येते.

आणि तुम्ही ऑर्डर दिलीत तर पैसे वेळेवर द्या. कायदा म्हणतो, लहान पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर पंधरा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. मी म्हणते, तुम्ही आठवड्याला द्या. माझ्या ओळखीतली एक निर्यातदार बाई व्यासपीठावरून महिला सक्षमीकरणावर फार सुंदर बोलते आणि पापड लाटणाऱ्या बायकांची बिलं तीन-तीन महिने ठेवते. लाटणाऱ्या बायकांना तिचं भाषण पाठ आहे, त्या त्याची नक्कल करून हसतात. दुसऱ्या बाजूला आठवडी बाजारात जा आणि भाजीवालीला विचारा पैसे कुठून आणतेस. सकाळी सावकार नऊशे हातात ठेवतो, संध्याकाळी हजार घेऊन जातो. दिवसाला शंभर रुपये ती का मोजते? कारण तो पहाटे पाचला येतो, कागद मागत नाही, आणि कधी चुकत नाही. त्याचा दर पिळवणुकीचा आहे, पण वेळ पाळण्यात तो आपल्या सगळ्यांच्या पुढे आहे. आपली मदत त्याच्याइतकी वक्तशीर नसेल तर बाई त्याच्याकडेच जाणार.

स्पर्धकाचा प्रश्न. होतील. शिकवलेल्या दहांपैकी एखादी तुमचाच मसाला, तुमच्याच रंगाच्या पुडीत, पाच रुपये कमी लावून विकेल. गावात बोलबाला होईल की ताईंनी साप पाळला. याचं मला फारसं काही वाटत नाही, कारण पाच रुपये कमी लावणारीचं चटणीवालीसारखंच होतं. वही मांडली तर ती तोट्यात असते आणि दोन हंगामांत भाव वर आणते. तुमचं खरं बळ मिरचीची पारख, भाजण्याचा अंदाज आणि वर्षानुवर्षं तोच स्वाद देणं यात आहे. ते कोणी तीन दिवसांच्या प्रशिक्षणात उचलून नेत नाही. तरी तुमचं प्रमाण, कुठला जिन्नस किती, ते सांगू नका. सांगायची गरजच नाही. औदार्य आणि भोळेपणा यांत फरक ठेवा. ज्या बायकांना घ्याल त्या शक्यतो तुमच्या शेजारच्या धंद्यातल्या घ्या: चटण्या, लोणची, पापड, भाजणी. त्यांचा माल तुमच्या गाडीतून तुमच्याच दुकानांत जाईल, गाडीभाडं वाटलं जाईल, दुकानदाराला एका फेरीत पाच जिन्नस मिळतील. इथं मदत आणि धंदा वेगळे राहत नाहीत.

तुमचा धंदा बुडेल का? हंगामात हे काम काढलंत तर बुडेल. मार्च ते मे तुमचा जीव मिरचीत असतो, तेव्हा दारात आलेल्या बाईला सरळ सांगा, जूनमध्ये ये. खऱ्या गरजेची येते. वर्षभरात चार-पाच जणींपेक्षा जास्त घेऊ नका. आणि या कामाचे पैसे धंद्याच्या गल्ल्यातून काढू नका. काढलेत तर वेगळ्या वहीत लिहा. चेतनाताईंकडेही बँक वेगळी आणि फाउंडेशन वेगळं आहे. सभासदांच्या ठेवींवर चालणारी बँक आणि देणग्यांवर चालणारं प्रशिक्षण यांचे पैसे एकत्र झाले की दोन्ही संशयात येतात. तुमच्या मापानं याचा अर्थ एवढाच की यंत्राच्या भाड्याची आणि एकत्र खरेदीची वही निराळी, आणि ती त्या चौघींना केव्हाही बघता आली पाहिजे.

घरून विरोध होईल, त्यांच्या आणि तुमच्याही. ‘गावच्या बायका बिघडवतेय’ हे वाक्य ऐकायला मिळालं की समजा काम बरं चाललंय.

नोंदणीचं शेवटी बघू. आत्ता संस्था नोंदवलीत तर पहिलं वर्ष कार्यकारिणी, ठराव, लेखापरीक्षण आणि लेटरहेड यातच जाईल, आणि अध्यक्षपदावरून रुसवेफुगवे होतील ते वेगळंच. येत्या फेब्रुवारीत चौघींची मिरची एकत्र घ्या. जूनमध्ये वह्या घेऊन बसा. कोणाला किती सुटलं, कोणी पैसे वेळेवर दिले, कोणी दिले नाहीत, हे कागदावर येईल. तिघींना पुढच्या वर्षी पुन्हा यायचं असेल आणि त्या आणखी दोघींना घेऊन येत असतील, तर उत्पादक कंपनी काढायची की बचत गटांचा संघ पुरेसा आहे, यावर बोलता येईल. तेव्हा वह्या घेऊन या. आपण दोघी सनदी लेखापालाकडे जाऊ.